“ती म्हणाली राहू दे, मग मी राहू दिलं, यात माझं काय चुकलं?”

हे वाक्य मी समुपदेशन करताना इतक्या नवऱ्यांकडून ऐकलंय की आता समोरच्याने तोंड उघडलं की कळतं. (बायकाही म्हणतात बरं का, पण कमी.) ही केस थोडी बदलून सांगतेय, ओळख पटू नये म्हणून.

मुलाला ताप होता, सलग दुसरी रात्र. तो रडायला लागला तसं नवऱ्याने विचारलं, मी उठू का? ती म्हणाली, राहू दे, मी बघते. हा कूस बदलून झोपला आणि पुढचे तीन दिवस घरात अबोला. तो माझ्यासमोर अगदी मनापासून गोंधळलेला, “मॅडम, मी विचारलं होतं ना? तिने नाही म्हटलं ना?” खोटं काहीच बोलत नव्हता तो.

पुढच्या सेशनला दोघं आले. तिला म्हटलं, राहू दे म्हणजे काय ते सांगा. ती म्हणाली, “विचारतोस काय, ऊठ की! मी काल पण जागीच होते, ते दिसलं नाही का तुला?” आणि रडायलाच लागली.

शाळेत मराठीच्या व्याकरणात शब्दांचा अर्थ लागायच्या तीन तऱ्हा शिकलो होतो ना, अभिधा, लक्षणा, व्यंजना? मार्कांपुरतं पाठ केलं आणि सोडून दिलं, पण घरातली निम्मी भांडणं तिथलीच आहेत. तो अभिधा, म्हणजे शब्दांचा सरळ अर्थ ऐकत होता आणि ती व्यंजनेत, म्हणजे न बोलता सुचवलेल्या अर्थात बोलत होती. शुल्त्स फॉन थुन नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1981 मध्ये हेच वेगळ्या तऱ्हेने मांडलं, की आपण एकच वाक्य चार कानांनी ऐकतो. एका कानाला माहिती ऐकू येते, दुसऱ्याला बोलणाऱ्याची अवस्था, तिसऱ्याला आपल्या नात्याबद्दल काय म्हटलंय ते आणि चौथ्याला मागणी. या नवऱ्याला “मी बघते” एवढी माहितीच ऐकू आली, “मी दमलेय” आणि “तू स्वतःहून उठ” हे गेलंच.

पण सगळं खापर त्याच्यावर फोडणं मला पटत नाही. मनातलं ओळखायची परीक्षा रोज घेतली तर कोणीही नापासच होणार, तेही अर्ध्या झोपेत. आणि एक गोष्ट मी प्रत्येकाला ठासून सांगते, जवळीक, स्पर्श, शरीर यात “नको” म्हणजे नकोच, तिथे व्यंजना शोधायची नाही.

दोघांचं एवढंच ठरलं की त्याने एकदा विचारायचं, “खरंच राहू दे, की दमलीयेस?” आणि तिने त्याचं खरं उत्तर द्यायचं. दुसऱ्यांदा विचारायचं नाही, जे उत्तर येईल ते खरं धरायचं.

महिन्याने आले तेव्हा तो जरा फुशारकीनेच सांगत होता, “परवा विचारलं मी, तर म्हणाली खरंच राहू दे, तू उठलास की लाइट लावतोस आणि त्याची उरलीसुरली झोप उडवतोस.” ती हसत होती. मी विचारलं, मग? म्हणाला, “मग काय, झोपलो. सकाळी अबोला नव्हता.”