सोयाबीन पेंडीवर मासे पोसता येतील का?

प्रश्न : लातूर जिल्ह्यात माझे प्लास्टिक अस्तराचे शेततळे असून त्यात रोहू, कटला आणि सायप्रिनस हे कार्प जातीचे मासे सोडले आहेत. फिशमील (माशांची भुकटी) असलेले तयार खाद्य परवडत नाही. सोयाबीनची डीओसी (तेल काढून उरलेली पेंड) आणि सरकी पेंड आमच्याकडे सहज मिळते. फिशमील बंद करून केवळ पेंडीवर मासे वाढवता येतील का? जनावरांसाठी आणलेली सरकी पेंड तळ्यात टाकली तर चालेल का?

उत्तर : आपण सोडलेले मासे मांसाहारी नसल्यामुळे फिशमील वगळून त्यांना वाढवता येते. शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा समप्रमाणात मिसळून देण्याची पद्धत आपल्या देशात अनेक दशके रूढ आहे. त्या मिश्रणात सुमारे 27 टक्के प्रथिने येतात आणि वाढत्या कार्प माशांची गरज त्यातून भागते. अगदी लहान पिल्लांना मात्र 35 ते 40 टक्के प्रथिने लागतात, म्हणून त्या अवस्थेत थोडे फिशमील ठेवलेले बरे.

आपल्या तळ्याची खरी अडचण त्याच्या अस्तरात आहे. शेणखत घातलेल्या मातीच्या तळ्यात प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) भरपूर वाढतात आणि पेंडीत जी अमिनो आम्ले (प्रथिनांचे घटक) कमी असतात ती मासे त्या प्लवंगांतून मिळवतात. प्लास्टिकच्या तळ्यात विहिरीचे पाणी भरलेले असले की हा आधार फारच तोकडा असतो आणि पेंडीतील उणीव थेट वाढीत दिसू लागते. डीओसीमध्ये प्रथिने 44 ते 48 टक्के असतात, लायसिन हे अमिनो आम्लही चांगले असते, परंतु मेथिओनिन हे दुसरे अमिनो आम्ल कमी पडते. तिळाच्या पेंडीत नेमके याच्या उलट आहे. शेंगदाण्याच्या पेंडीत दोन्ही बेताचीच असतात. म्हणून एकाच पेंडीवर भिस्त ठेवू नये, असे मी आग्रहाने सांगेन. शंभर किलो मिश्रणात डीओसी 30 किलो, शेंगदाणा पेंड 10, तीळ पेंड 10, भाताचा कोंडा 48 आणि खनिज मिश्रण 2 किलो घेतल्यास प्रथिने 27 टक्क्यांच्या आसपास येतात.

खनिज मिश्रण वगळू नये. पेंडीतील बहुतांश फॉस्फरस फायटेट या न पचणाऱ्या संयुगाच्या रूपात अडकलेला असतो आणि माशांना तो सोडवून घेता येत नाही. त्यातच कार्प माशांना जठर नसते, त्यामुळे पचनमार्गात आम्लता निर्माण होत नाही आणि खनिज मिश्रणातील डायकॅल्शियम फॉस्फेटचाही त्यांना पुरेसा उपयोग होत नाही. मिश्रण खरेदी करताना मोनोकॅल्शियम फॉस्फेट असलेले मागावे. घरचे कच्चे सोयाबीन दळून देणेही टाळावे, कारण त्यातील ट्रिप्सिनरोधक घटक प्रथिनांचे पचन रोखतात. डीओसी तयार होताना मिळणाऱ्या उष्णतेने ते बऱ्याच अंशी नष्ट झालेले असतात.

सरकी पेंडीबाबत अधिक सावध राहावे. जनावरांसाठी मिळणारी पेंड सहसा टरफलासकट असते. तिच्यात प्रथिने 22 ते 25 टक्केच असतात आणि तंतू खूप असतात. शिवाय तिच्यातील गॉसिपॉल हा सरकीतला नैसर्गिक विषारी घटक लायसिनला बांधून ठेवतो व जास्त प्रमाणात गेल्यास माशांची वाढ खुंटवतो. गाई-म्हशींच्या कोठीपोटात गॉसिपॉलचा बराचसा भाग निष्प्रभ होतो. माशांना ती सोय नाही. ही पेंड वापरायचीच असेल, तर एकूण खाद्याच्या दहा टक्क्यांपलीकडे जाऊ नये.

आणि बुरशीकडे कधीही दुर्लक्ष करू नये. 1960 साली इंग्लंडमध्ये टर्की पक्षी मोठ्या संख्येने मेले, त्यामागे शेंगदाणा पेंडीतील अफ्लाटॉक्सिन हे बुरशीने तयार केलेले विष होते. त्याच सुमारास अमेरिकेतील ट्राउट माशांच्या यकृतात आढळलेल्या गाठींचे कारण शोधताना बुरशी लागलेल्या सरकी पेंडीपर्यंत माग पोहोचला. पावसाळ्यात पेंड फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवावी. कुबट वास येणारी पेंड वाळवून वापरण्याचा मोह टाळावा, कारण उन्हाने ओल जाते, पण पेंडीत मुरलेले विष पूर्णपणे जात नाही.

प्रश्न : मोहाची पेंड स्वस्त मिळते. ती खाद्यात मिसळता येईल का?

उत्तर : अजिबात नाही. मोहाच्या पेंडीतील सॅपोनिन माशांसाठी विषारी असते आणि म्हणूनच बीज सोडण्यापूर्वी मातीच्या तळ्यातील मरळ, मागूर यांसारखे भक्षक मासे काढून टाकण्यासाठी ही पेंड वापरतात. एक मीटर खोलीच्या पाण्यात त्यासाठी हेक्टरी 2000 ते 2500 किलो, म्हणजे गुंठ्याला सुमारे 20 ते 25 किलो पेंड लागते. तिचा विषारी परिणाम दोन ते तीन आठवडे टिकतो, पुढे तीच खत म्हणून उपयोगी पडते. त्या मुदतीनंतरही तळ्यात हापा (बारीक जाळीचा पिंजरा) लावून थोडी बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) एक दिवस ठेवावी आणि ती तग धरते याची खात्री झाल्यावरच उरलेले बीज सोडावे.