तालुका-जिल्हा कोर्टातला वकील राजकारणात किती वर जाऊ शकतो?

थेट राष्ट्रपती भवनापर्यंत, प्रतिभाताई पाटीलच बघा ना. जळगावच्या कोर्टात वकिली करत होत्या, कॉलेजात टेबल टेनिस गाजवलेलं, आणि १९६२ ला २७ व्या वर्षी जळगावातून डायरेक्ट आमदार! मग १९६७ पासून सलग चार वेळा एदलाबादहून (म्हणजे आत्ताचं मुक्ताईनगर) निवडून आल्या, मंत्रिपदं झाली, १९७९ ला विरोधी पक्षनेत्याही होत्या, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. पुढे राज्यसभा, १९९१ ला अमरावतीच्या खासदार, २००४ ला राजस्थानच्या राज्यपाल आणि २००७ ला देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती. काँग्रेसनिष्ठा कामी आली हे खरंय, पण नुसत्या निष्ठेवर खानदेशातली सीट इतकी वर्षं टिकत नाही हो.