प्रेमकथा लिहिते, म्हणजे माझ्यात काही खोट आहे का?

"मॅडम, मी प्रेमाच्या गोष्टी लिहिते. घरी कळलंय. आता सगळे माझ्याकडं वेगळ्याच नजरेनं बघतात. लिहिणं सोडून देऊ का?"

समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडांनी येतो. मोबाईलवर भागाभागाने कथा लिहिणाऱ्या बायका आता लातूर-उदगीरकडेही आहेत. बहुतेकींना लिहिण्याविषयी फारसं काही विचारायचं नसतं. आपल्यातच काही खोट आहे का, हे त्यांना कुणाकडून तरी ऐकून घ्यायचं असतं. म्हणून एका ताईंची हकीकत सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई औसा तालुक्यातल्या, वय ४२. मालकांचं खत-बियाण्यांचं दुकान, चार एकर रान, दोन लेकरं, शेजारच्याच घरात मोठी जाऊ. नळाला पाणी आठवड्यातून एकदा, तेही पहाटे कधी येईल त्याचा नेम नाही. त्या जागरणातच त्यांचं लिहिणं सुरू झालं. मोटार लावायची, बॅरल भरेपर्यंत पाटावर बसून दोन पानं लिहायची आणि दुपारी ती मोबाईलवर टाईप करायची. लिहायला दुकानातल्या जुन्या उधारीच्या वह्या. एक वही त्यांनी मला दाखवली. पानाच्या एका बाजूला 'युरिया २ पोती, बाकी', आणि त्याच पानाच्या पाठीवर नायिका बसस्टँडवर कुणाची तरी वाट बघत उभी. सहा वर्षांत अशा पाच कादंबऱ्या झाल्या होत्या, टोपणनावाने.

एक दिवस ती वही जावेच्या हाती लागली. "काय लिहूलालीस गं एवढं? आणि ह्यो कोण?" ह्यो म्हणजे कथेतला नायक. आठवड्याभरात 'ह्यो कोण' घरभर झालं. मालक काहीच बोलले नाहीत. फक्त दुपारचं जेवायला घरी येणं बंद केलं, डबा दुकानात मागवायला लागले.

"भांडले असते तर बरं झालं असतं," ताई म्हणाल्या. "विचारलंच नाही."

पहिल्या भेटीत त्यांनी पर्समधून मोबाईल काढून माझ्यासमोर ठेवला. "बघा तुम्हीच. एक तरी वावगा मेसेज सापडतो का." मी तो न उघडता परत दिला. माझं याबाबतीत ठाम मत आहे. संशयाला पुरावा द्यायला एकदा सुरुवात केली की तो पुरत नाही. आज मोबाईल, उद्या बँकेचं पासबुक, परवा माहेरी कोण कोण भेटलं त्याची यादी. आणि पुरावा देणारी बाई हळूहळू स्वतःलाच आरोपी समजायला लागते.

त्यांच्या एका मैत्रिणीने सुचवलं होतं, "मन मोकळं करायला लिहिते, असं सांग ना." सल्ला तसा वाईट नाही. १९८६ साली अमेरिकेत जेम्स पेनेबेकर यांनी विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आपल्या आयुष्यातल्या धक्क्यांबद्दल लिहायला लावलं. तसं लिहिणारे विद्यार्थी पुढच्या काही महिन्यांत दवाखान्याची पायरी कमी वेळा चढले. पण ताईंना ही सबब नको होती. "मला मन मोकळं करायचं नाही मॅडम. मला गोष्ट सांगायचीय. बाईनं काही लिहिलं की तिला रडूच आलं असंल, असं का वाटतं लोकांना?"

मला हे फार आवडलं. घरचे आणि मैत्रीणही, दोघांनी त्यांचं लिखाण रोजनिशीसारखंच वाचलं होतं. एकाने गुन्हा म्हणून, दुसरीने दुःख म्हणून.

त्यांच्या गोष्टी गोडच का संपतात, हेही मी विचारलं. "माझ्या वाचणाऱ्या बाया रात्री अकराला भांडी घासून, लेकरं निजवून मोबाईल हातात घेतात. त्यांना रडवून झोपवू का? सगळ्यांना ठावं असतं शेवटी दोघं एक होणार. कसे होणार, तेवढं बघायचं असतं." यात भाबडेपणा नव्हता. आपल्या वाचकाला ओळखणाऱ्या माणसाचं हे बोलणं होतं.

"पण आपल्याकडं बाईनं असलं लिहिलेलं चालत नाही," हे मात्र त्या पुन्हा पुन्हा म्हणत. मी त्यांना गाथा सप्तशतीबद्दल सांगितलं. आपल्या पैठणच्या सातवाहनांचा राजा हाल याच्या नावावर असलेला, महाराष्ट्री प्राकृतातला सातशे गाथांचा संग्रह. गोदेकाठची शेतं, गावातल्या बायका, चोरून भेटणं, रुसणं, वाट बघणं, सगळं त्यात आहे. म्हणजे मराठवाड्याच्या मातीत प्रेमाचं लिहिणं काल आलेलं नाही. ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "राजानं गोळा केल्या म्हणून चालल्या." खरं होतं ते. इतिहासाने धीर येतो, पण जावेसमोर उभं राहायला तेवढा पुरत नाही.

मग आम्ही कामाला लागलो. विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत, जी अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडली, माणसाला छळणारी 'च' ची मागणी, म्हणजे 'असंच झालं पाहिजे' हा हट्ट, आधी शोधतात. ताईंची मागणी होती, 'माझ्याबद्दल कुणीही वाईट विचार करताच कामा नये.' त्याऐवजी 'कुणी करू नये असं मला वाटतं, पण केला तर मी वाईट ठरत नाही' इथपर्यंत यायला आम्हाला तीन भेटी लागल्या.

दुसरं काम मी त्यांच्यासाठी मुद्दाम काढलं. स्वतःच्या कथेचे तीन भाग आणायचे. आयुष्यात खरोखर घडलेल्या ओळीखाली लाल रेघ, पाहिलेल्या-ऐकलेल्या ओळीखाली निळी, बाकी कोरं. पुढच्या वेळी त्या कागद घेऊन आल्या. लाल रेघा होत्या पाण्याच्या बॅरलवर, करपलेल्या भाकरीवर, सासूबाईंच्या खोकल्यावर. निळ्या पुष्कळ. प्रेमाचा एकही संवाद लाल नव्हता. एका ओळीवर मात्र पेन्सिल टेकवून त्या थांबल्या होत्या, तिथे कागद जरा खरवडला होता. 'तिचं बोलणं संपेपर्यंत तो थांबला.'

"हे कशात घालू मॅडम? हे घडलंही नाही, कुठं पाहिलंही नाही."

"मग हे काय आहे?"

बराच वेळ गेला. "हे पाहिजे आहे," त्या म्हणाल्या.

मला वाटतं, संशय घेणाऱ्यांची गल्लत नेमकी इथे होते. कथा हवेतून येत नाही, हे त्यांचं बरोबर आहे. पण ती केलेल्या गोष्टीतूनच येते असं धरून चालतात, तिथे ते चुकतात. बऱ्याचदा ती हव्या असलेल्या गोष्टीतून येते. आणि ते हवंपण लपवण्यासारखं मुळीच नसतं. उलट ते कथेत अडकून न ठेवता घरातही बोलायला हवं.

एक सावधगिरी. ताईंच्या घरी अबोला होता, धाक नव्हता. जिथे मारहाण, धमकी, मोबाईल हिसकावणं, कोंडून ठेवणं सुरू असेल तिथे हा मार्ग धरू नका. आधी स्वतःची सुरक्षितता बघा. १८१ ही महिला हेल्पलाईन त्यासाठीच आहे.

मालक आले ते पाचव्या भेटीला. त्याआधी ताईंनी स्वतः निवडलेला एक भाग त्यांनी वाचायचा, एवढंच ठरलं होतं. मला वाटलं, बसल्या बसल्या नायकाबद्दल विचारतील. ते म्हणाले, "हिनं दिवाळीच्या पाडव्याला हुरडा भाजलाय. तवर ज्वारी पोटरीत तरी येती का?" ताईंच्या चेहऱ्यावर महिन्याभरात पहिल्यांदा मी चिडलेपण पाहिलं, लेखकाचं असतं तसं.

मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "आणि हा गडी रोज संध्याकाळी मोकळा. आम्हाला सकाळी आठ ते रात्री नऊ दुकान. मी काही असा नाही."

"नाही," ताई म्हणाल्या. "तुम्ही नाही. दुसराबी कुणी नाही. तो मी केलाय." आणि त्यांनी ती ओळ वाचून दाखवली. "मला एवढंच पाहिजे असतं, तुम्ही दुकानातनं आल्यावर मी काही सांगायला लागले की—"

"अगं पण गिऱ्हाईक डोकं खाऊन—"

मालक मध्येच थांबले. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला. मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने त्यांनीच हाताने खूण केली, सांग. ताईंना सांगायला बराच वेळ लागला. ते काय होतं, ते त्या दोघांचं आहे.

जाऊबाई अजून टोमणे मारतात. ताई त्यांना एकच उत्तर देतात, "गोष्ट आहे ती," आणि पुढे समजावत बसत नाहीत. दुपारचा डबा बंद झालाय.

परवा ताईंचा मेसेज आला. हुरड्याचा प्रसंग पाडव्यावरून काढून येळवसला, म्हणजे वेळ अमावास्येला, न्यायचं मालकांनी सुचवलंय. कडब्याची कोप, आंबील, भज्जी, सगळं येईल म्हणाले. 'पण येळवसला अख्खं गाव रानात असतं मॅडम. त्यात ही दोघं एकटी भेटणार कशी, ते काही सुचंना. उद्या पाण्याची पाळी आहे, तेव्हा बघते.'