शाळा सोडलीस, आता दहावीचं बघू

सातवीनंतर तू घरीच शिकायचं ठरवलंस हे कळलं. मीही त्याच वाटेने गेले, म्हणून सांगते. पहिले दोन-तीन महिने हातून काहीच होत नाही असं वाटेल. वाटू दे. घंटेवर उठायची सवय सुटायलाच मला तेवढा वेळ लागला. मग एकदा आजीबरोबर बेसनाचे लाडू करताना चार वाट्यांचं प्रमाण अडीच वाट्यांवर आणायचं होतं. त्या दिवशी अपूर्णांक जे डोक्यात बसले, ते आजवर हलले नाहीत.

पण रोज लिही गं. मला तोंडी सगळं यायचं, सराव पेपरला मात्र तासाभरातच बोटं आखडली. समोर घड्याळ ठेवून सलग तीन तास लिहायची सवय आत्ताच लाव.

दहावी एनआयओएसमधून, म्हणजे मुक्त विद्यालयातून करता येते. वय 14 पूर्ण हवं, प्रमाणपत्रासाठी 5 विषय लागतात, माध्यम मराठीही घेता येतं. नोंदणी 5 वर्षं चालते आणि परीक्षेच्या 9 संधी मिळतात, त्यामुळे दोन विषय आधी, तीन नंतर असंही जमतं. घरी लिहायच्या स्वाध्यायांना 20 टक्के वजन आहे, ते शेवटच्या आठवड्यावर ढकलू नकोस.

एका कॉलेजच्या खिडकीवरून मला 'हे बोर्ड चालत नाही' म्हणून परत पाठवलं होतं. फार रडले. त्यांचं चुकत होतं. गुणपत्रिकेसोबत मायग्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे एका बोर्डातून दुसरीकडे जाण्याचा दाखला मिळतो, त्याच्या प्रती काढून ठेव आणि प्रवेशाला बाबांना सोबत ने.

आणि संध्याकाळी मैदानावर जात जा. मैत्रिणी तुटल्या की घर खायला उठतं.