सीटचा बेस डुगडुगतोय? आधी खालचा फ्लोअर ठोकून बघा

प्रश्न : माझी छोटी फायबरची मोटरबोट आहे. चालवणाऱ्याच्या सीटचा पाइपवाला स्टँड ज्या बेसवर बसतो तो हलायला लागलाय, दोन स्क्रू तर नुसतेच गोल फिरतात. मागे जरा लांब स्क्रू मारले होते, थोडे दिवस बरं चाललं, परत तेच. आता बेसच्या कोपऱ्याला तडा पण गेलाय. नवीन बेस आणून बसवला की काम होईल का?

उत्तर : नवीन बेस आणा, तडा गेलेला ठेवण्यात अर्थ नाही, पण नुसता बेस बदलून भागणार नाही हो. स्क्रू जागच्या जागी फिरतात म्हणजे त्याला धरायला खाली काही उरलं नाहीये. अशा बोटींचा फ्लोअर बऱ्याचदा वर-खाली फायबरचा पातळ थर आणि मध्ये प्लायवूड असा असतो, आणि स्क्रूच्या भोकातून पाणी आत झिरपलं की प्लाय आतल्या आत कुजत जातं, वरून मात्र सगळं चकाचक दिसतं. त्यात सीट उंच असते. समजा ती फ्लोअरपासून दीड फुटावर आहे आणि बेसचे स्क्रू एकमेकांपासून सहा इंचांवर, तर वळणावर तुम्हाला बाजूने जो हिसका बसतो त्याच्या साधारण तिप्पट ओढ एका बाजूच्या स्क्रूंवर येते. ओल्या लाकडात ते तग धरणार कसे? आणि लांब स्क्रू हा उपाय मला मुळीच पटत नाही, कारण फ्लोअरखाली पेट्रोलची टाकी किंवा वायरी असू शकतात. ड्रिल मारायच्या आधी खाली काय आहे ते बघाच, आणि बिटला हव्या त्या खोलीवर चिकटपट्टी गुंडाळा म्हणजे किती आत गेलात ते कळतं.

बेस काढा आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने आजूबाजूला ठोकत जा. चांगल्या जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द. मग एका भोकात वाकवलेली तार घालून खरवडा. कोरडा पिवळसर भुसा निघाला तर नशीब चांगलं, काळा ओला चोथा निघाला तर काम मोठं आहे.

लाकूड चांगलं असेल आणि फक्त आटे गेले असतील तर भोकं मोठी करा, नीट वाळू द्या. आधी पातळ इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर कालवून बनतो तो कडक होणारा गोंद) सोडून लाकडाला पिऊ द्या, मग त्यातच फिलर म्हणजे घट्ट करायची पूड घालून पुट्टीसारखं घट्ट केलेलं इपॉक्सी ठासून भरा, आणि ते पूर्ण कडक झाल्यावर मध्ये नवीन भोक पाडा. असं केलं की स्क्रू इपॉक्सीत बसतो आणि पाणी शिरलं तरी लाकडापर्यंत पोचत नाही. एक लक्षात ठेवा, इपॉक्सीत हार्डनर जास्त घातला म्हणजे लवकर सुकेल असं अजिबात होत नाही, उलट ते चिकट मऊ राहतं. फायबरच्या कामात वापरतात त्या पॉलिएस्टर रेझिनमध्ये हार्डनर थोडा कमीजास्त चालतो, इथे डब्यावरचं प्रमाण म्हणजे प्रमाण. आणि एकदम मोठा कप भरून कालवू नका, भांड्यात साठलेलं इपॉक्सी स्वतःच तापतं आणि धूर यायला लागतो.

लाकूड कुजलंय? मग वरचा फायबरचा थर चौकोनात कापून उचला, चांगलं लाकूड लागेपर्यंत पटाशीने सगळं काढा, मरीन प्लायचा (पाण्यात टिकणाऱ्या प्लायवूडचा) तुकडा सगळ्या बाजूंनी इपॉक्सी लावून बसवा आणि वरून फायबरचं कापड चढवा. कापड चढवायच्या आधी कापलेल्या थराच्या कडा उतरत्या घासायच्या, थराच्या जाडीच्या साधारण बारापट रुंद, नाहीतर जोड तिथेच उकलतो. घासताना मास्क आणि हातमोजे हवेतच, ती काचेची धूळ घशात आणि अंगाला फार त्रास देते.

खालून हात जात असेल तर मात्र स्क्रूचा नाद सोडा. आरपार बोल्ट घाला, ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे, खाली बेसपेक्षा मोठी पट्टी आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहज ढिला न होणारा). भोकांच्या कडेला सीलंट लावा, पण आयुष्यभर चिकटून बसणारं नको, पुढे कधी बेस काढायचा झाला तर फ्लोअरच उचकटून येईल.

प्रश्न : आमच्या घडीच्या सीटचा प्लास्टिकचा तळ बिजागरीपाशी चिरलाय. इपॉक्सीने चिकटेल का?

उत्तर : बहुतेक नाही. असे तळ बऱ्याचदा पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनचे असतात आणि त्यावर इपॉक्सी धरतच नाही, वाळलं की पापडीसारखं निघतं. चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडा म्हणजे ती पुढे सरकणार नाही, आणि आतून ॲल्युमिनियमची पट्टी लावून मोठ्या वॉशरसकट बोल्टने आवळा. बिजागरीचे बोल्ट त्याच पट्टीतून गेले पाहिजेत. चीर बिजागरीच्या पार पलीकडे गेली असेल तर सरळ नवीन तळ घ्या.