संसदेने मंजूर केलेलं विधेयक ब्रिटनचा राजा अडवू शकतो का?

कागदावर अडवू शकतो, प्रत्यक्षात नाही. विधेयकाचा कायदा व्हायला राजाची संमती लागते. ही संमती शेवटची नाकारली ती राणी अ‍ॅनने, 1708 साली, स्कॉटलंडच्या नागरी सैन्याच्या विधेयकाला. तीही मंत्र्यांच्याच सल्ल्याने. राजा हल्ली प्रत्येक विधेयकावर सही करत बसत नाही. मंजूर विधेयकांची यादी जोडलेल्या एका फर्मानावर त्याची सही होते आणि 1967 च्या कायद्यानुसार दोन्ही सभागृहांत नुसती घोषणा झाली की कायदा झाला. संमती समारंभाने द्यायची असेल तर लॉर्ड्स सभागृहातला अधिकारी आजही जुन्या नॉर्मन फ्रेंचमध्ये ‘राजाची तशी इच्छा आहे’ म्हणतो. नकाराचं वाक्यही ठरलेलं आहे, ‘राजा विचार करील’. मोठं सभ्य ‘नाही’!

मात्र ‘किंग्ज कन्सेंट’ ही वेगळी भानगड आहे, आणि लोकांचा घोटाळा होतो तो इथेच. राजाचे विशेषाधिकार, मालमत्ता किंवा खासगी हितसंबंध यांना धक्का लावणारं विधेयक असेल, तर ते मंजूर होण्याआधीच संसदेला राजाची परवानगी घ्यावी लागते. 1999 मध्ये इराकवरील लष्करी कारवाईचा निर्णय संसदेकडे सोपवणारं एक खासगी विधेयक आलं होतं. सरकारच्या सल्ल्यावरून तेव्हाची राणी एलिझाबेथने परवानगी दिली नाही, आणि ते चर्चेविनाच बारगळलं. म्हणजे नकाराधिकार आहे, पण तो बहुतेक मंत्रिमंडळाच्या हातात.