मेल पाठवला, पण पोचला का?

प्रश्न: मी घरी दिवाळीचा फराळ करते, अनारसे, चिरोटे, चकल्या, चिवडा सगळंच. आमच्या भागातली बरीच मुलं नोकरीला पुण्याला नाहीतर बंगलोरला गेली, त्यांना दरवर्षी मेल करते आणि ऑर्डर आली की कुरियर करते. ३०० च्या आसपास पत्ते आहेत. मागच्या दिवाळीला भाच्याने मेल पाठवायच्या एका सर्व्हिसवर अकाउंट काढून दिलं आणि सब्जेक्ट टाकला "धमाका ऑफर!!! फ्री डिलिव्हरी!!! आजच बुक करा!!!" ऑर्डरी निम्म्याच आल्या. फोन केले तेव्हा कळलं की मेल स्पॅममध्ये पडून होता. भाचा म्हणतो 'फ्री' शब्दाने घात केला. कुठले शब्द टाळायचे त्याची यादी द्याल का? आणि सब्जेक्ट मराठीत लिहिला तर चालतो का?
(एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर)

उत्तर: ताई, यादी नाही देत, कारण अशा याद्या पाठ करून लोकांचं नुकसानच झालेलं मी बघितलंय. 'फ्री' काढून 'मोफत' लिहितात, मग अक्षरांच्या मध्ये टिंबं घालतात, आणि मेल आणखीनच संशयास्पद दिसायला लागतो.

तुमचा प्रश्न आला तेव्हा मी तुम्हाला म्हटलं होतं ना, की तोच मेल त्याच सर्व्हिसवरून मला पाठवा. तो माझ्याकडेही स्पॅममध्येच पडला. मग कॉम्प्युटरवर जीमेल उघडून, त्या मेलच्या उजव्या बाजूच्या तीन टिंबांवर दाबून 'शो ओरिजिनल' केलं. तिथे वरच एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा ओळी दिसतात, मेल खरंच त्या पत्त्यावाल्याकडून आलाय का ह्याच्या ह्या तपासण्या, आणि तुमच्या मेलला डीमार्कसमोर 'फेल' लिहिलेलं होतं. सगळं घोडं इथे अडलंय. पाठवणारा म्हणून तुमचा जीमेलचा पत्ता आणि मेल मात्र निघतोय त्या सर्व्हिसच्या मशीनवरून, म्हणजे पाकिटावर नाव इंदूरचं आणि पोस्टाचा शिक्का भलत्याच गावचा, मग घेणाऱ्याने संशय का घेऊ नये? फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने हे नियम खूप कडक केलेत, आणि जीमेलचा पत्ता लावून दुसरीकडून पाठवलेला मेल तर सरळ स्पॅममध्ये जाऊ शकतो. तुम्ही सब्जेक्टमध्ये ज्ञानेश्वरीतली ओवी लिहिली असती तरी तो तिथेच गेला असता.

उपाय दोन आहेत. सर्व्हिसच वापरायची असेल तर स्वतःच्या नावाचं डोमेन, म्हणजे पत्त्यात @ च्या पुढे येणारं स्वतःचं नाव, घ्या, वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो, आणि त्या तपासण्या पास व्हायला ती सर्व्हिस ज्या ओळी (रेकॉर्ड) देते त्या डोमेनच्या सेटिंगमध्ये भाच्याकडून टाकून घ्या, माहितगाराला अर्ध्या तासाचं काम आहे. नाहीतर, आणि मला विचाराल तर हेच करा, ३०० माणसं म्हणजे काही फार नाहीत, तुमच्या रोजच्या जीमेलवरूनच रोज चाळीस-पन्नास असे आठवडाभर पाठवा, प्रत्येकाला नावाने. "अहो, तुमच्या आईंनी मागच्या वेळी चिरोटे जास्त मागितले होते" अशी एक ओळ आत असली की तो माणूस उत्तर देतो, आणि उत्तरं येतात त्या पत्त्यावरचा भरवसा वाढत जातो.

आता शब्दांचं. पूर्वी स्पॅम वेगळा काढणारे फिल्टर खरंच ठरावीक शब्द आणि खुणा शोधायचे. २००२ मध्ये पॉल ग्रॅहम नावाच्या प्रोग्रामरने एक लेख लिहिला, त्यात त्याने दाखवलं की माणसाला आलेले चांगले मेल आणि स्पॅम दोन्ही घ्यायचे, कुठला शब्द कुठे किती वेळा येतो ते मोजायचं आणि त्यावरून नवीन मेल स्पॅम असण्याची शक्यता काढायची. ह्यातली गंमत अशी की शब्द तुमच्या विरुद्ध जातात तसे तुमच्या बाजूनेही बोलतात. 'अनारसे' हा शब्द कुठला स्पॅमवाला लिहिणार? स्पॅमअसॅसिन नावाचा फिल्टर बऱ्याच सर्व्हरवर असतो, तो प्रत्येक संशयास्पद गोष्टीला गुण देत जातो आणि साधारणपणे बेरीज ५ किंवा त्याहून जास्त झाली की मेल स्पॅम धरतो. म्हणजे एका 'फ्री'ने काही बुडत नाही. पण तपासणीत फेल होणारा पत्ता, तीन-तीन उद्गारचिन्हं, आत नुसता एक मोठा फोटो, असं सगळं साचत गेलं की बुडतं.

आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे माणसं काय करतात. गूगल सांगतं की तुमच्या मेलवर 'स्पॅम' दाबणाऱ्यांचं प्रमाण ०.३ टक्क्याच्या खाली ठेवा, म्हणजे हजारात तीनसुद्धा नकोत. तुमच्या ३०० मध्ये एकाने जरी चिडून बटण दाबलं तरी हिशोब वर जातो! म्हणून सब्जेक्ट लिहिताना मशीनचं नाही, त्या माणसाचं बघायचं. तो ऑफिसमध्ये आहे, फोन हातात आहे, स्क्रीनवर सब्जेक्टची पहिली तीसेक अक्षरं दिसतायत, आणि त्याच्याआधी पाठवणाऱ्याचं नाव. तुमच्या मेलला नावाच्या जागी 'ऑर्डर्स' एवढंच होतं, त्याला कसं कळावं की ही आपली काकू आहे? तिथे तुमचं नाव आणि पुढे 'फराळ, इंदूर' लिहा. आणि सब्जेक्ट:

"दिवाळी फराळ: ऑर्डर दसऱ्यापर्यंत, पुण्याला कुरियर"

'धमाका' काढलाय तो फिल्टरला भिऊन नाही, त्यातून काहीच कळत नाही म्हणून. डिलिव्हरी खरंच फ्री असेल तर आत बिनधास्त लिहा, सब्जेक्टमध्येही एकदा आलं तर चालेल, पण खरं असायला पाहिजे. सब्जेक्टमध्ये एक आणि आत दुसरंच निघालं की माणूस परत तुमचा मेल उघडत नाही, हे नुकसान कुठल्याही फिल्टरपेक्षा मोठं आहे.

मराठी तर जरूर लिहा. देवनागरी सब्जेक्ट आपोआप सांकेतिक रूपात जातो आणि पलीकडे परत देवनागरी दिसतो, आजकालच्या सगळ्या मेल सर्व्हिसना ते नीट जमतं. फक्त टाइप युनिकोडमध्ये करायचं, म्हणजे फोनच्या मराठी कीबोर्डवरून होतं तसं. आपल्याकडे अजून कितीतरी टायपिंगवाले कृतिदेव ह्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून देतात, ते उचलून सब्जेक्टमध्ये चिकटवलं की समोरच्याला इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, आणि असा मेल कोण उघडणार?

प्रश्न: मी बीकॉम करून अकाउंटंटच्या जागांसाठी मेल करतो, चाळीस ठिकाणी केले, उत्तर एकाचंही नाही. सब्जेक्टमध्ये 'रेझ्युमे' लिहितो.
(एक वाचक, सुदामा नगर, इंदूर)

उत्तर: भाऊ, त्या ऑफिसात त्या दिवशी 'रेझ्युमे' नावाचे पन्नास मेल असतात. जागेचं नाव, तुमचं नाव, आणि एक कामाची गोष्ट लिहा, जसं "ज्युनिअर अकाउंटंट, अमुक अमुक, टॅली आणि जीएसटी रिटर्न". जाहिरातीत जॉब कोड दिला असेल तर तो जसाच्या तसा टाका, पुष्कळ ठिकाणी त्यावरूनच मेल वेगळे काढतात. आणि सब्जेक्टच्या आधी खोटं 'आरई:' (उत्तराच्या मेलला आपोआप लागतं ते) लावू नका. आधी बोलणं झालंय असं दाखवायला काही जण ते शिकवतात, पण उघडल्यावर समोरचा पहिल्याच क्षणी तुम्हाला खोटारडा ठरवतो, आणि अकाउंटच्या नोकरीत तर विचारूच नका.

प्रश्न: आमच्या मंडळाच्या ४०० सभासदांना कार्यक्रमाचं निमंत्रण बीसीसीने (एकच मेल, पत्ते एकमेकांना न दिसता) जातं. निम्मे जण म्हणतात मिळालंच नाही. सब्जेक्ट दरवेळी 'सस्नेह निमंत्रण', आत पीडीएफ.
(मंडळाचे सेक्रेटरी, रामबाग, इंदूर)

उत्तर: काका, इंटरनेटच्या आधीच्या आर्पानेट नावाच्या जाळ्यावर ३ मे १९७८ ला गॅरी थुर्क नावाच्या माणसाने आपल्या कंपनीच्या कॉम्प्युटरची जाहिरात अंदाजे ४०० जणांना एकदम पाठवली होती, तो जगातला पहिला स्पॅम समजतात. आकडा तुमच्याएवढाच! लोक चिडले कारण कोणी मागितलं नव्हतं. तुमच्या सभासदांना निमंत्रण हवंय, ही तुमची मोठी जमेची बाजू आहे, ती नीट वापरा.

'सस्नेह निमंत्रण' वरून कुठला कार्यक्रम ते कळत नाही, आणि लागोपाठच्या मेलना तोच सब्जेक्ट असला की जीमेल कधीकधी ते एकाखाली एक जोडून टाकतं, मग नवीन निमंत्रण जुन्याच्या पोटात जातं. "शनिवारी ६ वाजता नाट्यवाचन, रामबाग" असं लिहा, सस्नेह आत लिहा. तारीख, वेळ, जागा पीडीएफबरोबर मेलमध्येही टाइप करा, नुसती फाइल असली की फिल्टरला वाचायला काही नसतं आणि आजोबांना ती उघडत नाही. साध्या जीमेलवरून दिवसाला ५०० पत्त्यांच्या वर जात नाही, तेव्हा सभासद वाढले तर दोन दिवसांत विभागून पाठवा. पुढच्या बैठकीत दहा मिनिटं काढून प्रत्येकाच्या फोनमध्ये मंडळाचा पत्ता सेव्ह करून द्या, आणि स्पॅममधला जुना मेल शोधून 'नॉट स्पॅम' दाबायला लावा, ह्याने खूप फरक पडतो.

आणि यादी एकदा हातात घेऊन बसा. बंद पडलेल्या पत्त्यांवरून मेल परत येत राहिले की तुमच्या पत्त्याची पत घसरते, ते काढाच. पण त्यात जे सभासद आता हयात नाहीत त्यांचेही पत्ते असतील, आणि ते मेल कधीकधी घरातलं कोणीतरी अजून उघडत असतं. आमच्या नात्यातल्या एका घरी आजोबा गेल्यानंतर दोन वर्षं त्यांच्या नावाने "आवर्जून यावे" येत होतं, आजी तो मेल प्रत्येक वेळी वाचायच्या. मंडळाला कुणी कळवलंच नव्हतं. अशा घरी पत्ता काढण्याआधी एक फोन करा, आजींना स्वतःच्या नावाने निमंत्रण हवं असेल तर त्यांचा पत्ता लिहून घ्या.